अर्नाळ्यानंतर डावीकडे

रविवार, ५ एप्रिल. हातातलं काम: गच्चीवर पत्र्याची शेड टाकायला सभासदांच्या सह्या घेणे. घरं वीस, सह्या एकोणीस. राहिले होते चौथ्या मजल्यावरचे कुडाळकर.

बेल मारली. दार उघडलं आणि समोर कुडाळकर उभे. डोक्यावर कान झाकणारी चामड्याची टोपी, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, डोळ्यांवर जुना गॉगल, अंगात हिरवा स्वेटर आणि त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. विरारचा एप्रिल चालू होता. लिफ्ट बंद म्हणून मी चार मजले चढून आले होते आणि सह्यांचा कागद माझ्या हातात ओला झाला होता.

"या, पण बोलू नका," ते म्हणाले. "राजकोट बारा मिनिटांवर आहे आणि वारा समोरून आहे."

वारा खरंच समोरून होता. आतल्या खोलीत एक उंच पंखा पूर्ण वेगात त्यांच्या खुर्चीवर रोखलेला होता. ते जाऊन बसले. मफलरची टोकं मागे उडायला लागली.

"थंडी वाजते का तुम्हाला?" मी विचारलं.

"उघडं विमान आहे, सेक्रेटरीबाई. चार हजार फुटांवर काय होतं त्याची तुम्हाला कल्पना नाही."

मला चौथ्या मजल्यावर काय होतं त्याची कल्पना होती. छत तापून खोलीची भट्टी झाली होती आणि त्या भट्टीत स्वेटर घालून हा अडुसष्ट वर्षांचा माणूस गारठला होता.

प्रभाकर कुडाळकर तेहतीस वर्षं एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. काम घड्याळांचं. विमानाची उंची, वेग, दिशा दाखवणाऱ्या तबकड्या बिघडल्या की त्यांच्या टेबलावर यायच्या. ते त्या उघडायचे, दुरुस्त करायचे, परत पाठवायचे. विमान कसं उडतं ते त्यांनी काट्यांवरून शिकून घेतलं. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला, त्यात सिम्युलेटर घातला, म्हणजे विमान चालवण्याचा हुबेहूब खेळ, आणि स्वतः उडायला लागले. विमानही कसलं, तर टायगर मॉथ. एकावर एक दोन पंखांचं, कापड ताणून बनवलेलं, डोक्यावर छप्पर नसलेलं. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणा ना. नवी विमानं त्यांना चालत नाहीत. "त्यांच्यात माणूस बसवतात फक्त. उडवत नाही," असं ते म्हणतात.

ती आतली खोली म्हणजे त्यांचं कॉकपिट. खुर्ची भंगारातल्या मोटारीची. पुढचा दांडा मोडक्या सायकलच्या पंपाचा. पायाखाली शिवणाच्या मशीनचं लोखंडी पायडल, तारा जोडून विमानाची शेपटी वळवण्यासाठी बसवलेलं. हे मशीन त्यांच्या थोरल्या बहिणीचं. अक्का त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. दोघांनीही लग्न केलं नाही. कुडाळहून ती दोघं एकत्र मुंबईला आली, तिथून विरारला आली, आणि दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी अक्का गेल्या तोपर्यंत दिवसातून तीन वेळा भांडत एकत्र राहिली. जेवणाच्या वेळी चौथ्या मजल्यावरून आवाज यायचा, "बाबल्या, जेवूक ये! विमान खंय पळान जाता?" कुडाळकर उतरल्याशिवाय जेवायचे नाहीत. अक्का ते उतरल्याशिवाय वाढायच्या नाहीत. भात निवायचा आणि भांडण व्हायचं.

कुडाळकरांची आणखी एक खोड सांगायला हवी. कुठलीही तबकडी दिसली की ते आधी तिच्यावर नखानं टकटक करतात आणि मग वाचतात. जुन्या यंत्रांत काटा अडकतो. टिचकी मारली की सुटतो आणि खरा आकडा दाखवतो. सवय वर्कशॉपमधली, पण ती त्यांनी घरी आणली. पाण्याच्या मीटरवर टकटक. भाजीवाल्याच्या काट्यावर टकटक. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला पट्टा बांधला तर पंप फुगायच्या आत यंत्रावर टकटक. एकदा लिफ्टमध्ये मजल्याच्या आकड्यावर त्यांनी इतकी टकटक केली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत मी होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "काटा अडकतो, हो."

हे त्यांचं पालुपद. पावसाला उशीर झाला, नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या मुलाचं लग्न जमेना, सगळ्याला कारण एकच. काटा अडकतो, हो.

उपयोगही होतो त्यांचा, नाही असं नाही. दारामागे त्यांनी विमानातलं एक निकामी झालेलं उंचीचं घड्याळ टांगलंय. हवेचा दाब उतरला की त्याचा काटा सरकतो. जूनमध्ये आमच्या बिल्डिंगमधली प्रत्येक बाई कपडे वाळत घालायच्या आधी जिन्यात मान वर करून ओरडते, "काका, घालू का?" वरून टकटक ऐकू येते आणि मग उत्तर. हवामान खात्यापेक्षा आमचा यावर जास्त विश्वास आहे.

तर ५ एप्रिलला मी सह्यांचा कागद घेऊन त्या पंख्याच्या वाऱ्यात उभी होते. चाललं होतं त्याला रॅली म्हणतात. चौदा जुनी विमानं, चौदा गावांतली माणसं, आपापल्या घरातून उडणारी. जिंकतो तो वेगानं जाणारा नव्हे. अमुक ठिकाणावर अमुक वाजता पोहोचेन, असं आधी लिहून द्यायचं आणि नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावरच पोहोचायचं. एक सेकंद लवकर किंवा उशीर झाला तर एक गुण दंड. प्रत्येक वैमानिकाला एक नेव्हिगेटर हवाच, वाट सांगणारा. कुडाळकरांचे नेव्हिगेटर सांगलीचे पाटील सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दोघं कधी भेटले नाहीत. आठ वर्षं स्पीकरवरच बोलतात.

"राजकोट!" स्पीकरमधून पाटील सर ओरडले. "सेकंदाला सेकंद, कुडाळकर! पहिला नंबर! अकरा गुणांनी पुढं आहोत आपण!"

कुडाळकरांनी गॉगल कपाळावर सरकवला. आठ वर्षांत ते कधी सहाव्याच्या वर गेले नव्हते. घाम पुसत ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, सही मागायला हीच वेळ बरी.

तेवढ्यात पाटील सर म्हणाले, "अभिनंदन. आणि हा माझा राजीनामा."

"अहो सर!"

"पुढच्या रविवारी शेवटचा टप्पा. दमण ते जुहू. किनाऱ्यानं. मला माहीत आहे काय होणार. दोन वर्षं झाली, कुडाळकर, किनारा आला की तुम्ही अर्नाळ्यानंतर डावीकडं वळता, एक गिरकी मारता आणि मातेरं करता. कारण विचारलं तर सांगत नाही. इथून पुढं तुमच्याबरोबर मी फक्त सत्यनारायणाला बसेन. राम राम." आणि आवाज बंद झाला.

कुडाळकर खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. खोली दहा फुटांची. हा माणूस तसाही एका जागी बसत नाही, पण तेव्हाची येरझार वेगळी होती.

"नेव्हिगेटर नसेल तर?" मी विचारलं.

"नाव काटतात."

"पुढच्या वर्षी भाग घ्या."

"पुढच्या वर्षी नाही." ते थांबले. मग त्यांनी समजावलं. सिम्युलेटरमध्ये खाली जी जमीन दिसते, ते आकाशातून काढलेले खरे फोटो असतात, एकाला एक जोडून अंथरलेले. त्यांच्याकडचे फोटो नऊ वर्षांपूर्वीचे. रॅलीवाल्यांनी आता कळवलं होतं की जुन्या फोटोंवरची ही शेवटची रॅली. यापुढे सगळ्यांनी नवे फोटो घ्यायचे, आणि घेतले की जुने जातात.

"मग घ्या की नवे. रस्ते, पूल सगळं नवीन दिसेल."

"नवीन बघितलं मी. सगळं निळं आहे. विरारभर पत्रे. आपली गच्ची तेवढी पांढरी राहिलीय, म्हणून बिल्डिंग ओळखू येते."

पत्र्याचा विषय त्यांनीच काढला म्हणून मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि परत दिला.

"मी सही करणार नाही."

आता बघा. बिल्डिंगमध्ये छत गळतं ते फक्त चौथ्या मजल्यावर, आणि सगळ्यात जास्त यांच्या याच खोलीत. पावसाळ्यात हे विमान छत्री बांधून उडवतात. बाजूला बादली. शेड घालायची ती मुख्यतः यांच्या डोक्यासाठी. बाकीचे एकोणीस जण तयार आणि ज्याचं डोकं भिजतं तो तयार नाही.

"कारण सांगा," मी म्हटलं.

"पत्रा टाकला तर वरून ओळखायचं कसं?"

"कुणी ओळखायचं?"

"ज्याला ओळखायचं त्यानं."

मी सातिवलीला एका पॅकिंगच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. अठरा वर्षं. कुठला टेंपो किती वाजता निघाला तर कुठे किती वाजता पोहोचेल हे मी हायवेचा खड्डा न् खड्डा धरून सांगते. माणसांशी वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही, सौदा करायचा, हे मी तिथेच शिकले.

"तुम्हाला वाट सांगणारा हवा," मी म्हटलं. "मला सही हवी. पुढच्या रविवारी मी तुम्हाला जुहूला वेळेवर पोहोचवते. पोहोचलात, की तिथल्या तिथे सही."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता माझ्या कपाळावर टकटक करतात.

"होकायंत्र वाचता येतं?"

"शिकवा."

आठवडाभर मी कारखान्यातून आले की तासभर वर जात होते. शिकायला फारसं काही नव्हतं. अंतर, वेग, वारा. वारा बाजूनं आला की विमान ढकलतो, तेवढं नाक उलट बाजूला धरायचं. टेंपोला हे करावं लागत नाही, एवढाच फरक. पण एक सांगते, त्या खोलीतली अस्वस्थता लागण झाल्यासारखी मला लागली. कुडाळकर दर पाच मिनिटांनी उठायचे. नकाशा सरळ असला तरी सरळ करायचे. पंख्याचा कोन बदलायचे. दमणहून निघाल्यावर अर्नाळ्यापर्यंत त्यांचा हात घड्याळासारखा चालायचा, आणि तिथे पोहोचलो की ते म्हणायचे, "इथपर्यंत बास. पुढचं रविवारी." एकदाही पुढे जाऊ दिलं नाही. इकडे मी पोळ्या लाटताना मिनिटं मोजत होते. आमचे हे म्हणाले, "तू सोसायटी चालवतेस की विमान?" मी म्हटलं, "सोसायटी आपोआप चालत नाही, तसं विमानही नाही," आणि पोळी करपली.

शुक्रवारी पाटील सरांना फोन लावला. नंबर कुडाळकरांच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो. डहाणू छान जाईल, सातपाटी छान जाईल. अर्नाळ्याचा किल्ला दिसला की या माणसाला धरून ठेवा. शब्दशः धरा हवं तर."

"सोडत नाही," मी म्हटलं.

१२ एप्रिल. मीटरबॉक्सचं काम त्या दिवशी ठरलं होतं, लाइट जाणार होती, ते मी पुढे ढकललं. टाकीत पाणी चढवून घेतलं. पावणेदहाला वर गेले. हातात पेन्सिल, फूटपट्टी, मुलाचं शाळेतल्या खेळांचं स्टॉपवॉच. सह्यांचा कागद पर्समध्ये. कुडाळकर तयार होऊन बसले होते. त्यांनी माझ्यासाठीही एक मफलर काढून ठेवला होता. जांभळा, हातानं विणलेला, बायकी. मी तो खुर्चीच्या पाठीला टाकला.

दहाला दमण सोडलं. शिवणमशीनचं पायडल करकरलं. "चल गो बाय, चल," असं विमानाला म्हणत त्यांनी ते उचललं. ते असं मालवणीत फक्त विमानाशी बोलतात. पूर्वी अक्कांशी बोलायचे.

उजवीकडे समुद्र, डावीकडे जमीन, खाली रेल्वेचा रूळ. मी आकडे सांगत होते, ते धरत होते. डहाणू: दोन सेकंद लवकर. सातपाटी: बरोब्बर. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि स्वेटर घातलेल्या माणसाशेजारी पंख्याच्या वाऱ्यात मला खरंच गार वाटायला लागलं होतं. कधी मफलर गळ्याला गुंडाळला, मला आठवत नाही. स्पीकरवर पाटील सरच वेळ नोंदवत होते. राजीनामा देऊन ते घरी बसले नव्हते, पंचांत जाऊन बसले होते.

"सातपाटी, शून्य दंड," ते म्हणाले. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न चालला होता. "दुसऱ्या नंबरचा आत्ताच डहाणूला नऊनं चुकला. कुडाळकर, आता फक्त सरळ या."

दहा त्रेचाळीस. अर्नाळा. समुद्रात तो किल्ला बिस्किटाएवढा दिसला आणि पंखाखालून गेला. एक सेकंद उशीर.

"होकायंत्र एकशे सहासष्टवर धरा," मी म्हटलं. "सतरा मिनिटं. मग जुहू. कुठेही बघू नका."

"हो," कुडाळकर म्हणाले आणि डावीकडे वळले.

"कुडाळकर! डावीकडे कुठे?"

"जरा."

"जरा काय? उजवीकडे घ्या! एकशे सहासष्ट!"

"गेला!" स्पीकरमधून सांगली ओरडली. "बाई, धरा त्याला! गेला, गेला, परत गेला!"

मी धरलं. खरंच धरलं, त्यांचं स्वेटरचं मनगट. दांडा तसूभर हलला नाही. हा हात चुकणाऱ्या माणसाचा नव्हता. मी सोडला.

"माझी सही गेली आणि तुमचा पहिला नंबर गेला," मी म्हटलं. "निदान कशासाठी गेला ते सांगा."

खाली आगाशीच्या वाड्या आल्या, मग आमचा रस्ता. नऊ वर्षांपूर्वीचा. टॉवर नव्हते. जिथे आता मॉल आहे तिथे तळं होतं. त्यांनी इंजिन बारीक केलं आणि विमान खाली आणलं. आठशे फूट, सातशे, सहाशे. उंचीच्या तबकडीवर टकटक केली.

"इथेच राहायचं," ते म्हणाले. "याच्या खाली गेलं की फोटो पुसट होतो, सगळं विरघळतं."

एक पंख खाली टाकून त्यांनी गिरकी घेतली आणि पंखाच्या टोकाशी आमची बिल्डिंग आली. बिल्डिंगी त्या फोटोत उभ्या नव्हत्या, जमिनीवर छापल्यासारख्या सपाट पडल्या होत्या. आमची मी टाकीवरून ओळखली. पांढरी गच्ची, कोपऱ्यात काळी टाकी आणि टाकीला लागून एक लांबट लाल पट्टा.

आधी वाटलं ताडपत्री. मग वाटलं कुणी रंग सांडला. मग लांबी बघितली. गच्चीचं माप मला पाठ आहे, शेडसाठी तीनदा घेतलंय. आठेक मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. नऊवारी.

आणि मला नोटीस आठवली.

पाच वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी झाले तेव्हा पहिलं काम केलं ते गच्चीचं. अक्का दर एप्रिलला जुनी नऊवारी अंथरून वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायच्या. त्यांनी साडी उडू नये म्हणून ठेवलेल्या विटांनी वॉटरप्रूफिंग टवकलं होतं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत लोक शिंकत होते. मी जिन्यात नोटीस लावली. 'गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे.' खाली माझी सही. अक्का ती वाचून माझ्या दारात आल्या होत्या. "मिरच्यो वाळत घालूच्यो नाय, तर मसालो काय नळाक येतलो?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. त्या गेल्या. नंतर दोनदा त्यांना खिडकीच्या जाळीत मूठ मूठ मिरच्या वाळवताना बघितलं. मग तेही बघितलं नाही.

"अक्काच्या मिरच्या," कुडाळकर म्हणाले. पंख्याच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं. "फोटो काढला तेव्हा ती वरच असणार. मिरच्या टाकून ती कधी खाली यायची नाही. कावळ्यांसाठी काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसायची. टाकीच्या मागे. म्हणून फोटोत आली नाही."

विमान फिरत होतं. टाकी हळूहळू दुसऱ्या बाजूला येत होती.

"तर मी एक गिरकी घेतो," ते म्हणाले. "पलीकडून दिसते का बघायला."

मी त्या सपाट टाकीकडे बघितलं. कुठूनही बघितली तरी ती एकच बाजू होती.

"फोटो आहे तो, कुडाळकर."

"माहीत आहे."

"फोटोला पलीकडची बाजू नसते."

"तेहतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली मी, सेक्रेटरीबाई. माहीत आहे."

त्यांनी दांड्यावरचा एक हात काढला, पुढे वाकले आणि पडद्यावर, टाकीच्या काळ्या ठिपक्याशेजारी, नखानं टकटक केली.

"काटा अडकतो, हो," ते म्हणाले.

मी स्टॉपवॉचकडे बघितलं. दोन मिनिटं केव्हाच गेली होती. पहिला नंबर गेला होता, दुसराही गेला होता.

"तुम्ही डावीकडून घेतलीत गिरकी," मी म्हटलं. "टाकी माझ्या बाजूला आलीच नाही. आणखी एक घ्या. या वेळी उजवीकडून."

त्यांनी गॉगल वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

"दंड वाढेल."

"वेळ माझ्याकडे आहे. घ्या."

त्यांनी घेतली. उजवीकडून. मी नीट बघितलं. लाल पट्टा, टाकी, टाकीची सावली. सावली बरीच लांब होती, एक माणूस सहज बसेल एवढी. मग स्पीकरवरून पाटील सर म्हणाले, "मिरच्या होत्या होय. दोन वर्षं मला वाटलं, हा माणूस वाट चुकतो." आणि थोडं थांबून, "सावकाश या. मी आहे इथं."

जुहूला आम्ही चार मिनिटं चाळीस सेकंद उशिरा उतरलो. चौदांत नववे. कुडाळकरांनी इंजिन बंद केलं, पंखा बंद केला, टोपी काढली. डोक्यावरचे चार केस घामानं चिकटले होते. खोली एकदम शांत झाली आणि एकदम तापली.

"द्या तो कागद," ते म्हणाले.

"वेळेवर पोहोचलो नाही आपण. सौदा मोडला."

"द्या. पत्रा टाका. फोटो बदलणारच आहेत."

त्यांनी विसाव्या नावापुढे सही केली. पेनावर टकटक करून पाहिलं, शाई येत होती. मी मफलर काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला. ते खिडकीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. मी म्हटलं, "जेवून घ्या. उतरलात ना आता." आणि खाली आले.

सोमवारी सकाळी साडेसातला शेडवाला आला. मी त्याला गच्चीवर नेलं आणि टाकीला लागून खडूनं चौकट आखून दिली. दहा मीटर बाय दोन. म्हटलं, एवढ्यावर पत्रा नाही. तो म्हणाला, "बाई, पाऊस आत येईल." मी म्हटलं, खाली जिना आहे, कुणाचं डोकं नाही, उतार काढ आणि पाणी बाहेर ने. तो म्हणाला, वरून वेडंवाकडं दिसेल. मी म्हटलं, दिसू दे.

खाली येताना जिन्यातली नोटीस काढली. पाच वर्षांत कागद पिवळा झाला होता, पण मागची बाजू कोरी होती. कागद वाया घालवायची मला सवय नाही. कारखान्याची बस यायला दहा मिनिटं होती, तेवढ्यात जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्यावर सामानाची यादी लिहिली. बेडगी मिरची दोन किलो. संकेश्वरी एक किलो. दगडफूल, नागकेशर, जायपत्री. जुनी नऊवारी, सासूबाईंच्या ट्रंकेतून. खाली एक ओळ सोडून लिहिलं: धणे किती, ते कुडाळकरांना विचारणे.